युद्धात लुटलेली कलाकृती परत कशी मागावी: या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता या शहरातले एक घर विक्रीला निघाले आणि त्याची छायाचित्रे जाहिरातीत आली. दिवाणखान्याच्या छायाचित्रात हिरव्या सोफ्याच्या वर एका स्त्रीचे जुने व्यक्तिचित्र टांगलेले दिसत होते. नेदरलँड्समधील पत्रकारांनी ते ओळखले. इटालियन चित्रकार जुझेप्पे गिसलांदी यांचे ते चित्र ॲमस्टरडॅमचे ज्यू कलाव्यापारी जाक गौडस्टिकर यांच्या संग्रहातून दुसऱ्या महायुद्धात गेलेले होते. पोलीस पोचले तेव्हा भिंतीवर ते चित्र नव्हते, पण काही दिवसांतच ते अधिकाऱ्यांच्या हवाली करण्यात आले.

एवढ्या वर्षांनी आणि एवढ्या दूरवर ते ओळखता आले, कारण गेलेल्या मालाची नोंद शिल्लक होती. मे १९४० मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलासह जहाजाने देश सोडताना गौडस्टिकर अंधारात जहाजाच्या मालखान्यात पडून मरण पावले. त्यांच्याजवळ एक काळी वही होती आणि तिच्यात ११०० हून अधिक कलाकृतींची यादी होती. तिचा मोठा आधार घेऊन २००६ मध्ये डच सरकारकडून २०२ चित्रे त्यांच्या वारसांना परत मिळाली. पुढे ज्या पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या सगळ्या या वहीपाशी येऊन टेकतात. कायदा, मुत्सद्देगिरी आणि न्यायाचे आवाहन ही तिन्ही साधने नोंद असेल तरच चालतात, आणि ज्याच्याकडे नोंद नाही त्याने वकिलाच्या आधी अभिलेखागार गाठावे, असे माझे ठाम मत आहे.

हा लेख वारस, तरुण वकील, संग्रहालयात नव्याने रुजू झालेले कर्मचारी आणि संशोधक यांच्यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः नाझी काळातील आहेत, कारण या विषयातील बहुतेक नियम त्याच लुटीतून घडले. देशांच्या संग्रहालयांची लूट हा वेगळा मार्ग असल्याने तो शेवटाकडे घेतला आहे.

पहिली पायरी: वस्तू हातातून कशी गेली ते ठरवा

"लुटले" हा एकच शब्द आपण सरसकट वापरतो, पण दाव्याच्या दृष्टीने त्यात निरनिराळे प्रकार येतात. सैनिकांनी किंवा सरकारी पथकाने वस्तू थेट उचलून नेली, हा सरळ प्रकार. मालकाने स्वतः विकली, पण जिवाच्या भीतीने किंवा देश सोडण्याचा परवाना मिळावा म्हणून विकली, हा दुसरा आणि जास्त अवघड प्रकार. तिसऱ्या प्रकारात गोंधळाच्या काळात एखाद्या सैनिकाने किंवा स्थानिक माणसाने परस्पर चोरी केलेली असते.

दुसरा प्रकार नवख्यांना फसवतो, कारण कागदावर तो व्यवहार रीतसर दिसतो. त्यात खरेदीदाराचे नाव असते, रक्कम असते आणि सहीही असते. लिली कासिरेर यांनी १९३९ मध्ये जर्मनीतून बाहेर पडण्यासाठी कामी पिसारो यांचे पावसातल्या पॅरिसमधील रस्त्याचे चित्र ९०० राइशमार्कला (राइशमार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) दिले, तेव्हा ती रक्कमही त्यांना हात लावता येणार नाही अशा गोठवलेल्या खात्यात गेली. अशा व्यवहारांना विक्री मानू नये, ही भूमिका मित्रराष्ट्रांनी युद्ध चालू असतानाच घेतली होती. ५ जानेवारी १९४३ च्या लंडन घोषणेत, शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात झालेले मालमत्तेचे व्यवहार, ते उघड लुटीचे असोत की वरकरणी कायदेशीर असोत, रद्द ठरवण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. ही घोषणा प्रत्येक नवख्याने मुळातून वाचावी. "वरकरणी कायदेशीर" ही कल्पना एकदा नीट समजली की निम्मा विषय समजतो.

म्हणून पहिल्याच दिवशी एका पानावर लिहून काढा: वस्तू कोणाकडून गेली, कोणाकडे गेली, केव्हा, कोणत्या ठिकाणी, कोणत्या दबावाखाली, आणि पैसे मिळाले असतील तर ते मालकाला खरोखर वापरता आले का. उत्तर नसेल तिथे जागा मोकळी सोडा. अंदाजाने भरलेली जागा पुढे आपल्यावरच उलटते.

दुसरी पायरी: हीच ती वस्तू, हे सिद्ध करा

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण चूक झाली तर ती दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. व्हिएन्नाच्या नोरा स्टियास्नी यांना १९३८ मध्ये गुस्टाफ क्लिम्ट यांचे एक निसर्गचित्र कवडीमोल किमतीला विकावे लागले आणि १९४२ मध्ये नाझींनी त्यांची हत्या केली. या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियाने त्यांच्या वारसांना क्लिम्ट यांचे सफरचंदाच्या झाडाचे चित्र परत केले. पुढील संशोधनात असे दिसले की स्टियास्नी यांचे चित्र ते नव्हतेच. त्यांचे चित्र झाडांखालच्या गुलाबांचे होते आणि ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात होते. फ्रान्सने २०२२ मध्ये खास कायदा करून ते परत दिले, पण तोवर चुकून दिलेले चित्र विकले जाऊन दुसऱ्याच्या हाती गेले होते. एकाच चित्रकाराने एकाच विषयावर अनेक चित्रे काढलेली असतात आणि जुन्या यादीत नुसते "झाडे, तैलरंग" एवढेच लिहिलेले असते, हे कायम लक्षात ठेवावे.

वर्णनात चित्रकार, विषय, माध्यम, आकार, सही, तारीख, शिक्के, दुरुस्तीच्या खुणा आणि फुटतूट या सगळ्यांची नोंद करा. आकार सेंटिमीटरमध्ये लिहा आणि तो चौकटीसह आहे की चौकटीविना, हेही सांगा. जुनी कौटुंबिक छायाचित्रे मोठी करून पाहा, कारण पार्श्वभूमीत अर्धवट दिसणारी भिंतही पुरावा ठरते.

चित्राचा दर्शनी भाग जितका बोलतो त्यापेक्षा मागची बाजू जास्त बोलते. कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीवर व्यापाऱ्यांची लेबले, प्रदर्शनांचे क्रमांक, लिलावगृहांचे ठशाने उमटवलेले आकडे आणि जकातीचे शिक्के एकावर एक साचलेले असतात. फ्रान्समधील ज्यू कुटुंबांची कला लुटणाऱ्या रोझेनबर्ग पथकाने प्रत्येक संग्रहाला सांकेतिक अक्षरे दिली होती. रॉथ्सचाइल्ड कुटुंबाच्या वस्तूंवर आर हे अक्षर आणि पुढे क्रमांक असे. युद्धानंतर मित्रराष्ट्रांनी सापडलेला माल जिथे गोळा केला त्या म्युनिकच्या संकलन केंद्रातून गेलेल्या वस्तूंना तिथला वेगळा क्रमांक मिळाला. कासिरेर यांच्या पिसारो चित्रामागे बर्लिनच्या कासिरेर दालनाच्या लेबलाचा फाटका तुकडा अजून चिकटलेला होता. संग्रहालयाकडे चौकशी करताना समोरच्या बाजूच्या छायाचित्रापेक्षा मागच्या बाजूचे छायाचित्र आधी मागावे.

तिसरी पायरी: मालकीची साखळी जोडा

वस्तू निर्माण झाल्यापासून आजवर कोणाकोणाकडे होती, या क्रमाला या क्षेत्रात प्रॉव्हेनन्स म्हणतात. नाझी काळातील दाव्यांसाठी १९३३ ते १९४५ ही वर्षे महत्त्वाची. साखळीत रिकामी जागा असली म्हणजे वस्तू लुटीचीच, असे नसते. सामान्य घरांतली कागदपत्रेही हरवतात. पण त्या वर्षांतली रिकामी जागा आणि पुढे एखाद्या बदनाम व्यापाऱ्याचे नाव अशी जोडी दिसली की तिथे थांबून खोलात जावे.

लुटणाऱ्यांनीच पुरावा तयार करून ठेवला आहे, हे या कामातले सर्वांत विषण्ण करणारे आणि सर्वांत उपयोगी सत्य. नाझी सरकारच्या २६ एप्रिल १९३८ च्या फर्मानाने ५,००० राइशमार्कपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या ज्यू लोकांना ती सरकारी यादीत नोंदवण्याची सक्ती केली. चमच्यांपासून चित्रांपर्यंत मांडलेल्या त्या याद्या पुढच्या लुटीसाठी वापरल्या गेल्या, आणि आज त्यांच्याच आधाराने वारस आपला हक्क सिद्ध करतात. रोझेनबर्ग पथकाची सूचिपत्रे आणि छायाचित्रे उरली आहेत, आणि पॅरिसमधील ज्या जू द पोम इमारतीत हा माल गोळा होत असे, तिथे काम करणाऱ्या रोझ वालाँ यांच्या नोंदीही आहेत. आपल्याला जर्मन समजते हे त्यांनी कळू दिले नाही आणि कोणती पेटी कुठे चालली आहे ते जीव धोक्यात घालून गुपचूप टिपून ठेवले. युद्ध संपल्यावर या टिपणांनी हजारो वस्तूंचा माग लागला.

कागद कुठे शोधायचे? फ्रान्सचे राजनैतिक अभिलेखागार ला कूर्नव्ह इथे आहे, जर्मन संघीय अभिलेखागाराचा संबंधित भाग कोब्लेन्झला आहे आणि अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागाराचा मोठा साठा मेरीलँडमधील कॉलेज पार्कला आहे. रोझेनबर्ग पथकाच्या नोंदींचा शोधसंच आणि हायडेलबर्ग विद्यापीठाने डिजिटल केलेली जर्मन लिलावांची सूचिपत्रे घरबसल्या पाहता येतात. सूचिपत्राची एकच प्रत पाहून समाधान मानू नये. एखाद्या प्रतीत समासात पेन्सिलीने किंमत आणि खरेदीदाराचे नाव लिहिलेले असते, ते शेजारच्या प्रतीत नसते.

याच टप्प्यावर एक अप्रिय प्रश्न स्वतःलाच विचारा: ही वस्तू युद्धानंतर परत मिळाली होती का, किंवा तिची भरपाई घेतली गेली होती का? फ्रान्समध्ये जर्मनीतून सुमारे ६१,००० वस्तू परत आल्या. त्यांपैकी सुमारे ४५,००० मालकांना किंवा वारसांना गेल्या, उरलेल्या बऱ्याच विकल्या गेल्या आणि २,००० हून थोड्या अधिक वस्तू सरकारी संग्रहालयांत वेगळ्या नोंदीखाली ठेवल्या गेल्या. त्यामुळे परत मिळालेली वस्तू कुटुंबानेच नंतर विकलेली असणेही शक्य असते. लिली कासिरेर यांनी १९५८ मध्ये जर्मन सरकारकडून १,२०,००० मार्क भरपाई घेतली होती, पण त्या करारात चित्रावरचा हक्क सोडलेला नव्हता. हा फरक कागद वाचूनच कळतो. जुनी भरपाई आपण होऊन सांगावी. समोरच्याने शोधून काढली तर उरलेल्या दाव्यावरचा विश्वासही जातो.

चौथी पायरी: दावा करणारे कोण

इथे फार काही सांगण्यासारखे नाही, पण प्रकरणे अडकतात ती इथेच. मूळ मालकापासून आजच्या वारसांपर्यंतची वंशावळ, प्रत्येक मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र आणि वारस दाखला जमवा. तीन पिढ्यांत वारस अनेक देशांत पांगलेले असतात. त्या सर्वांची लेखी संमती आणि एकच प्रतिनिधी ठरल्याशिवाय पत्र पाठवू नका, कारण वस्तू चुकीच्या माणसाच्या हाती गेली असे होऊ नये म्हणून कोणतेही संग्रहालय हे सर्वप्रथम विचारते.

पाचवी पायरी: वस्तू शोधा आणि तिची हरवल्याची नोंद करा

मागदेबुर्ग येथील जर्मन प्रतिष्ठान नाझी काळात गेलेल्या वस्तूंची सार्वजनिक यादी चालवते, आणि तिच्यात शोधता येते तशी नोंदही करता येते. इंटरपोलच्या चोरीच्या कलाकृतींच्या यादीत नोंद फक्त देशाच्या अधिकृत यंत्रणेमार्फत होते, त्यामुळे आधी पोलिसांत तक्रार हवी. आर्ट लॉस रजिस्टर ही खासगी यादी लिलावगृहे विक्रीपूर्वी तपासतात. नोंद करण्याचा दुहेरी फायदा असा की वस्तू बाजारात आली तर अडते, आणि आपण हक्काबाबत गप्प बसलो नव्हतो याचा तारखेसह पुरावा तयार होतो. हा दुसरा फायदा पुढे न्यायालयात फार मोलाचा ठरतो.

वस्तू सापडली की ज्या दिवशी, ज्या मार्गाने कळले ते लिहून ठेवा. अमेरिकेच्या २०१६ च्या कायद्याने नाझी काळातील लुटीच्या दाव्यांना प्रत्यक्ष माहिती झाल्यापासून सहा वर्षांची मुदत दिली, म्हणजे घड्याळ त्या दिवसापासून चालू होते. हा कायदा मुळात ठरावीक काळापुरता केलेला असल्याने त्याची आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी.

सहावी पायरी: कोणत्या दारावर टकटक करायची ते ठरवा

सर्वांत जास्त विचार इथे लागतो. तीन गोष्टी पाहा: वस्तू सध्या कोणत्या देशात आहे, ताबा सरकारी संस्थेकडे आहे की खासगी माणसाकडे, आणि मधल्या काळात ती कोणकोणत्या देशांत विकली गेली.

तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व असे. इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेत चोराकडून कोणालाही खरी मालकी मिळत नाही, मग खरेदीदार कितीही प्रामाणिक असो. युरोपातील अनेक देशांत मात्र प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण आहे. इटलीत तर योग्य व्यवहाराने घेतलेली वस्तू त्याच क्षणी त्याची होऊ शकते. त्यामुळे एकच चित्र एका देशाच्या कायद्याने वारसांचे आणि दुसऱ्या देशाच्या कायद्याने संग्रहालयाचे ठरते. कासिरेर कुटुंबाचा २००५ पासूनचा माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयाविरुद्धचा लढा कॅलिफोर्नियाचा कायदा लावायचा की स्पेनचा याच प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२२ मध्ये गेला, आणि २०२५ मध्ये त्या न्यायालयाने प्रकरण पुन्हा खाली विचारार्थ पाठवले.

दुसरा अडसर वेळेचा. न्यूयॉर्कमध्ये प्रामाणिक खरेदीदाराविरुद्धची मुदत मालकाने वस्तू मागितल्यावर आणि त्याने नकार दिल्यावर सुरू होते, म्हणून तिथे जुने दावेही टिकले. १९४५ मध्ये जर्मनीतील एका किल्ल्यातून गेलेली आणि १९४६ मध्ये ब्रुकलिनमध्ये ४५० डॉलरला विकत घेतलेली ड्यूरर यांची दोन व्यक्तिचित्रे १९८२ च्या निकालाने वायमारच्या संग्रहालयाला परत मिळाली. पण त्याच अमेरिकेत २०१९ मध्ये, पिकासो यांच्या नटाच्या चित्रावरचा वारसांचा दावा अकारण विलंब झाला म्हणून फेटाळला गेला. ते चित्र १९५२ पासून मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उघडपणे टांगलेले होते. "आम्हाला माहीत नव्हते" एवढे म्हणून भागत नाही, शोध घेतला होता हे दाखवावे लागते.

तिसरा अडसर परदेशी सरकारवर खटला भरण्याचा. मारिया आल्टमान यांनी काकू आडेले ब्लॉख-बाउअर यांच्या व्यक्तिचित्रासह क्लिम्ट यांची चित्रे ऑस्ट्रियाकडे मागितली, तेव्हा तिथे चित्रांच्या किमतीच्या प्रमाणात भरावे लागणारे न्यायालयीन शुल्क इतके होते की दावा सोडून द्यावा लागला. मग त्यांनी अमेरिकेतील न्यायालयात धाव घेतली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑस्ट्रियावर तिथे खटला चालवता येईल असे ठरवले. इथे नवखे लोक चुकतात: त्या निकालाने चित्रे मिळाली नाहीत, फक्त दार उघडले. चित्रे मिळाली ती पुढे दोन्ही पक्षांनी ऑस्ट्रियातच मान्य केलेल्या लवादाने, जानेवारी २००६ मध्ये, पाच चित्रांबाबत. आणि ते दारही सर्वांना उघडे नाही. २०२१ मध्ये गुएल्फ खजिन्याच्या (मध्ययुगीन चर्चमधील मौल्यवान वस्तूंच्या) प्रकरणात त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले की एखाद्या राज्याने स्वतःच्याच नागरिकांची मालमत्ता घेतली असेल, तर परदेशी सरकारांना खटल्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाला मालमत्ता हिरावण्याबाबत जो अपवाद आहे, त्याखाली खटला चालत नाही. जर्मन ज्यूंना जर्मनीनेच लुटले, ही वस्तुस्थिती तिथे वारसांच्या विरोधात गेली. हा निकाल कायद्याच्या चौकटीत बसत असेल, पण ज्या राज्याने या लोकांचे नागरिकत्वच पायदळी तुडवले त्यालाच नागरिकत्वाच्या मुद्द्यावर सूट मिळावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

म्हणून न्यायालयाआधी समितीचा मार्ग तपासावा. ३ डिसेंबर १९९८ रोजी वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी ११ तत्त्वे मान्य केली: संग्रह तपासावेत, अभिलेख खुले करावेत, पुराव्यातील त्रुटींकडे काळाचे भान ठेवून पाहावे आणि "न्याय्य व उचित तोडगा" काढावा. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत, तरी त्यांतून ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, फ्रान्स, ब्रिटन आणि जर्मनी यांनी दावे तपासणाऱ्या आपापल्या समित्या किंवा यंत्रणा उभ्या केल्या. जर्मनीत २००३ पासूनच्या सल्लागार आयोगाच्या जागी आता लवादाची व्यवस्था आली आहे. मार्च २०२४ मध्ये या तत्त्वांचा अर्थ उलगडणारा दस्तऐवज अनेक देशांनी स्वीकारला. १९३३ ते १९४५ मधील छळग्रस्त व्यक्तीने केलेली विक्री अनिच्छेने झालेले हस्तांतर मानता येते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या समित्यांपुढे मुदतीचा मुद्दा सहसा आडवा येत नाही. मात्र त्यांचा अधिकार मुख्यतः सार्वजनिक संग्रहांपुरता असतो. चित्र खासगी घरात असेल तर न्यायालय किंवा वाटाघाट एवढेच उरते.

संग्रहालयाची इच्छा असूनही कायदा आड येतो, असेही घडते. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरातल्या आर्थर फेल्डमान यांच्याकडून गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) १९३९ मध्ये नेलेली चार जुनी रेखाटने ब्रिटिश म्युझियममध्ये होती आणि ती परत द्यावीत असे संग्रहालयालाच वाटत होते. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितले की नैतिक कर्तव्य असले तरी संग्रहातील वस्तू देण्यास कायदा मनाई करतो. वारसांना भरपाईवर समाधान मानावे लागले. २००९ मध्ये ब्रिटनने कायदा बदलून ठरावीक राष्ट्रीय संस्थांना अशा वस्तू देण्याची मुभा दिली. तेव्हा ताबेदार संस्थेला वस्तू देण्याचा अधिकार आहे की नाही, हे पहिल्या पत्राआधी वाचून घ्या.

सातवी पायरी: पहिले पत्र

पहिल्या पत्रात आरोप नको आणि मागणीही नको. वस्तूचे नेमके वर्णन, आपले नाते, आतापर्यंत जमलेली साखळी आणि संग्रहालयाकडची मालकीविषयक कागदपत्रे व मागच्या बाजूची छायाचित्रे पाहण्याची विनंती, एवढे पुरे. वस्तू विकण्याचा किंवा परदेशी पाठवण्याचा विचार असल्यास आधी कळवावे, अशी विनंतीही घाला. स्पष्ट शब्दांत "परत द्या" असे लिहिले आणि नकार आला, तर काही ठिकाणी मुदतीचे घड्याळ त्या दिवसापासून चालू होते. म्हणून मागणीचे पत्र वकिलानेच लिहावे, आणि कुटुंबातल्या कोणीही मध्येच रागाच्या भरात ईमेल पाठवू नये.

आठवी पायरी: तोडग्याचे रूप

परत मिळणे म्हणजे नेहमी चित्र उचलून घरी आणणे नसते. पूर्ण परतावा, विक्री करून रकमेची वाटणी, संग्रहालयाने मोबदला देऊन वस्तू ठेवणे किंवा मालकी वारसांची मानून वस्तू उसनी ठेवणे, हे सगळे मार्ग वापरात आहेत. एगोन शीले यांनी काढलेले वाली नावाच्या स्त्रीचे व्यक्तिचित्र व्हिएन्नाच्या कलाव्यापारी लेआ बोंडी यांच्याकडून एका नाझी व्यापाऱ्याने हिसकावले होते. १९९७ मध्ये ते व्हिएन्नाच्या लिओपोल्ड संग्रहालयातून प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कला आले आणि जानेवारी १९९८ मध्ये सरकारी वकिलांच्या आदेशाने अडकले. बारा वर्षांनी, २०१० मध्ये, लिओपोल्ड संग्रहालयाने बोंडी यांच्या वारसांना १ कोटी ९० लाख डॉलर दिले आणि चित्र व्हिएन्नाला ठेवले. पण करारात एक अट होती, ती मला रकमेइतकीच मोलाची वाटते: चित्राशेजारी त्याचा खरा इतिहास सांगणारा फलक कायम राहील. वाटाघाटीत अशा मजकुराचा एकेक शब्द आधी ठरवून घ्या. कर, विमा, निर्यात परवाना आणि वकिलाचा वाटा यांचा हिशेबही सही करण्यापूर्वीच मांडा.

वस्तू देशाची असेल तेव्हा

संग्रहालय, मंदिर किंवा उत्खननस्थळ लुटले गेले असेल तर दावा सरकारने करायचा असतो आणि तो परराष्ट्र खात्यातून, दूतावासामार्फत जातो. संशोधकाचे काम त्या सरकारच्या हाती भक्कम फाइल देण्याचे.

युद्धात लूट करू नये आणि कला-विज्ञान संस्थांची मालमत्ता जप्त करू नये, हे १९०७ च्या हेग नियमांत होते. १९५४ च्या हेग करारासोबतच्या पहिल्या प्रोटोकॉलने (पूरक कराराने) पुढे जाऊन सांगितले की व्याप्त प्रदेशातून बाहेर गेलेल्या वस्तू युद्ध संपल्यावर परत कराव्यात आणि त्या युद्धाची भरपाई म्हणून कधीही अडकवून ठेवू नयेत. १९७० चा युनेस्को करार परकीय ताब्याच्या दबावाखाली झालेली निर्यात बेकायदेशीर मानतो, पण तो मागच्या काळाला लागू नाही आणि परत घेण्याचे त्यातले कलम संग्रहालय, धार्मिक वा सार्वजनिक स्मारक किंवा तत्सम संस्थेच्या यादीत नोंदलेल्या चोरीच्या वस्तूंसाठीच आहे. युनिड्रॉइट या कायदेविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९५ च्या कराराखाली खासगी मालकालाही दुसऱ्या सदस्य देशाच्या न्यायालयात जाता येते. तिथे माहिती झाल्यापासून ३ वर्षे आणि चोरीपासून ५० वर्षे अशी सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि काळजी घेऊन खरेदी करणाऱ्याला वाजवी मोबदला मिळतो. दोन्ही देश कोणत्या करारात आणि कोणत्या वर्षापासून आहेत, हा तक्ता फाइलच्या पहिल्या पानावर हवा.

सुरक्षा परिषदेचा ठराव असेल तर तो करारापेक्षाही उपयोगी पडतो. २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू गेल्यानंतर ठराव १४८३ आला. ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदेशीरपणे बाहेर गेलेल्या वस्तूंचा व्यापार सर्व सदस्य देशांनी रोखावा, असे तो सांगतो, आणि त्यासाठी वाजवी संशय पुरतो. बनावट कागदांशीही इथे गाठ पडते. प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्याचा नायक गिलगामेश याच्या स्वप्नाचा प्रसंग कोरलेली तळहातापेक्षा थोडी मोठी मातीची पाटी अमेरिकेत विकली गेली तेव्हा तिच्यासोबत १९८१ च्या लिलावातून ती मिळाल्याचे खोटे पत्र होते. ते उघडे पडले, पाटी जप्त झाली आणि २०२१ मध्ये इराककडे गेली.

मुत्सद्देगिरीचा वेग मात्र वेगळाच असतो. इटलीने १९३७ मध्ये इथिओपियातून नेलेला अक्सुमचा स्तंभ १९४७ च्या शांतता करारानुसार अठरा महिन्यांत परत द्यायचा होता. तो तीन तुकड्यांत विमानाने २००५ मध्ये पोचला आणि २००८ मध्ये उभा राहिला. याउलट कुवेतच्या संग्रहालयातून इराकने नेलेल्या वस्तूंपैकी बहुतेक, सुरक्षा परिषदेच्या दबावामुळे, १९९१ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली परत आल्या. काही दारे कायद्यानेच बंद आहेत. रशियाने १९९८ च्या कायद्याने जर्मनीतून आणलेल्या बऱ्याचशा वस्तू राष्ट्रीय मालमत्ता ठरवल्या, आणि बर्लिनहून नेलेले प्राचीन ट्रॉय नगरीचे सोने आजही मॉस्कोत आहे.

दार बंद असतानाही करण्यासारखे काम युक्रेनच्या खेर्सन कलासंग्रहालयाने दाखवले आहे. २०२२ च्या शरद ऋतूत रशियन सैन्याने माघार घेण्यापूर्वी तिथून १०,००० हून अधिक कलाकृती ट्रकांत भरून नेल्या. संग्रहालयाची डिजिटल नोंद कर्मचाऱ्यांनी लपवून वाचवली होती. रशियाच्या ताब्यातील क्रिमियामधल्या सिंफेरोपोलच्या संग्रहालयात टेकवून ठेवलेल्या चित्रांची छायाचित्रे आणि चित्रफिती बाहेर आल्या, तेव्हा त्यांतला एकेक कोपरा, एकेक चौकट त्या नोंदीशी ताडून त्यांनी शंभराहून अधिक कलाकृती ओळखल्या आणि जाहीर केल्या. आज त्या परत आणता येत नाहीत, पण उद्याच्या कोणत्याही खरेदीदाराला "आम्हाला ठाऊक नव्हते" असे म्हणता येणार नाही.

हाती आल्यावर

ताबा घेताना वस्तूच्या अवस्थेचा अहवाल दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करून घ्या आणि मागच्या बाजूचे एकही लेबल काढू देऊ नका. दुरुस्तीच्या नावाखाली चौकट बदलली गेली तर पुरावाच नाहीसा होतो. ज्या ज्या यादीत वस्तू हरवल्याची नोंद केली होती, तिथे ती परत मिळाल्याची नोंद लेखी विनंती करून घाला, नाही तर पुढे कायदेशीर विक्रीही अडेल. आणि जमवलेल्या फाइलची एक प्रत एखाद्या सार्वजनिक अभिलेखागाराला द्या. तुमच्या कागदांत त्याच व्यापाऱ्याची, त्याच लिलावाची नावे असतील, आणि दुसऱ्या एखाद्या कुटुंबाच्या साखळीतला हरवलेला दुवा तिथेच असेल.